वारं गेलं का?

हवा म्हणायचं की वारं, यावरून मी सुपरवायझर मॅडमशी भांडले होते, ते आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं माझ्या त्या हट्टातून झालं आणि मला ते लपवायचं नाही.

अंगणवाडीत दर महिन्याला वरून एक विषय येतो. भाज्या, प्राणी, पाणी, असं काहीतरी. डिसेंबरात हिंदीत छापलेला कागद आला, विषय ‘हवा’. मुलांकडून कागदी पंखे करून घ्या, भिरभिरी करून घ्या आणि संक्रांतीला पतंग उडवून विषय संपवा, असं त्यात होतं. विषय झकास होता. शब्द तेवढा मला खटकला. आमचं गाव तिगाव स्टेशनपासून दोन किलोमीटर, संत्र्याच्या बागांच्या मधोमध. मध्य प्रदेशात असलो तरी घराघरात मराठी. शाळेत गेल्यावर हिंदी आहेच जन्मभर, तीन-चार वर्षांच्या लेकराला तरी त्याच्या घरातला शब्द मिळू द्या, असं माझं गेल्या बावीस वर्षांचं म्हणणं आहे.

“टायरमध्ये भरतात ती हवा, मॅडम,” मी म्हणाले. “झाडं हलवते ते वारं. आमच्या घरात वारं सुटते, हवा नाई सुटत.”

मॅडम हसल्या. “छायाबाई, काय फरक पडतो?”

“पडतो,” मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले.

माझ्याकडे सतरा मुलं. त्यात सायली साडेचार वर्षांची, आणि तिच्या तोंडात सदा एकच शब्द, काहून. आभाळ निळं काहून, खिचडी पिवळी काहून, बाई, तुमचे केस पांढरे काहून. मी तिचं नावच काहूनबाई ठेवलं होतं. रोज सकाळी तिचे आबाजी, पुंडलिकराव, तिला बोट धरून आणून सोडायचे आणि प्रार्थना होईपर्यंत बाहेर कडुनिंबाखाली बसून राहायचे. प्रार्थना ऐकायला बसतो म्हणायचे. खरं म्हणजे नात मागे वळून पाहते का, तेवढं पाहायला बसायचे. ती पाहायची. मग ते धोतर झटकून बागेकडे निघायचे.

पंख्यांसाठी पुठ्ठा त्यांनीच आणून दिला, संत्र्याच्या पेट्यांचा. त्यामुळे प्रत्येक पंख्यावर अर्धंमुर्धं संत्रं छापलेलं होतं. “पतंगीच्या कामट्या बी मी तासून देतो, बाई,” ते म्हणाले. “बजारातल्या पतंगीत काय मजा? लेकराइनं आपल्या हातानं बनवली पाह्यजे.”

पंखे झाले तसा मी एक खेळ काढला. मुलं ओळीत उभी करायची, पंखा एकेकाच्या समोरून हलवत न्यायचा आणि विचारायचं, “अंगावरून वारं गेलं का?” त्याने ओरडून सांगायचं, “गेलं!” नियम एकच. ज्याला विचारलं त्यानेच सांगायचं, दुसऱ्याने मधे तोंड घालायचं नाही. पाच मिनिटांत असा गोंगाट झाला की रस्त्याने जाणारी माणसं डोकावायला लागली.

आमची मदतनीस यमुना चुलीवरच्या खिचडीचा मोठा गंज ढवळत होती. ती थांबली.

“बाई, असं नका म्हणू नं.”

“काहून?” मी सायलीच्या सुरात विचारलं. मुलं हसली.

“अंगावरून वारं गेलं, असं कोणी म्हणते का लेकराइपुढे? आयकाले वंगाळ वाटते.”

लकव्याला आमच्याकडे असंच म्हणतात, अमक्याच्या अंगावरून वारं गेलं. मला काय ते माहीत नव्हतं? पण मुलांसमोर कुणी टोकलेलं मला खपत नाही. “यमुना, शब्दाले भेत असशील तर घरी बस,” मी म्हणाले. “हे विज्ञान आहे.” यमुना पुन्हा खिचडी ढवळायला लागली. आणि मी त्याच तावात मुलांना घरचा अभ्यास दिला. पंखा घरी न्यायचा, घरातल्या एकाला वारा घालायचा, अंगावरून वारं गेलं का ते विचारायचं आणि उद्या येऊन मला सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सोळा मुलांनी येऊन सांगितलं. कुणी आईला विचारलं होतं, कुणी बकरीला. सायली आली नव्हती. दहाच्या सुमारास यमुना दूध घेऊन आली आणि गंजाकडे पाहत म्हणाली, “पुंडलिकरावच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी उठताच नाई आलं त्याइले. डावी बाजू गेली, वाचा बी गेली. पांढुर्ण्याले नेलं, तेथून नागपूरले नेऊन राहिले म्हणते.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला ते पाहण्यापेक्षा जास्त लागलं. मी सगळे पंखे गोळा करून कपाटात टाकले आणि कडी लावली.

मला भीती वाटत होती. कशाची, तेही सांगते. उद्या गावात कुणी म्हणायला नको की बाईच्या तोंडून निघालं आणि खरं झालं. दोन-तीन दिवस मी याच धास्तीत होते. रस्त्याने जाताना कोण कसं बघतं ते बघत होते. माझ्या नावाची काळजी करत होते मी. साडेचार वर्षांच्या पोरीने त्या संध्याकाळी घरी जाऊन कुणाला वारा घातला असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. बावीस वर्षं लेकरांमध्ये काढली आणि शिवला नाही.

सहा दिवसांनी पुंडलिकरावांना नागपूरहून घरी आणलं. डॉक्टरांनी सेवा करा म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. उजवा हात तेवढा हलायचा आणि डोळे सगळीकडे फिरायचे.

त्यानंतर तीन दिवसांनी सायली अंगणवाडीत आली. तिला तिची आई, वृषाली, सोडून गेली. सायलीने मागे वळून पाहिलं नाही. दिवसभरात एकदाही काहून म्हणाली नाही. पळापळीच्या खेळात भिंतीला टेकून उभी राहिली. पाणी प्यायला गेली तीही पाऊल मोजून. यमुनाने गरम खिचडी वाढली, बाकीची मुलं फू फू करायला लागली, आणि ही दोन्ही हात मांडीवर ठेवून ताटाकडे पाहत बसली. खिचडी निवून घट्ट झाली तेव्हा तिने पहिला घास घेतला.

“फुंकर मार नं, बाळा,” मी म्हणाले.

तिने मान हलवली, नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी आपलं समजून घेतलं की पोरगी भेदरली आहे. आबाजीचं तोंड वाकडं झालं, ते पाहून घाबरली. घरच्यांनाही तसंच वाटत होतं. आम्ही मोठी माणसं लेकराच्या मनातलं ओळखायला निघालो की आपल्याच मनातलं ओळखून परत येतो.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी मी पतंगी करायला घेतल्या. सकाळी वृषाली सायलीला सोडायला आली, तिच्या काखेत कामट्यांची मोळी होती. सतरा पतंगींच्या चौतीस कामट्या, सुतळीने नीट बांधलेल्या. एकेक तासून गुळगुळीत केलेली, लेकरांच्या बोटाला कुसळ लागू नये म्हणून.

“मामाजीनं आजारी पडायच्या आदल्या दिवशी दुपारी तासल्या होत्या,” वृषाली म्हणाली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. मग तिचा आवाज एकदम चढला. “दिवसभर दाराकडे पाहून राहते तो माणूस, बाई. अन् हे पोरगी उंबरठ्याच्या आत पाय नाई ठेवत. बलावलं का तोंडावर हात दाबते अन् हळूहळू चालत निंघून जाते. एवढा जीव लावला त्याइनं. काल मारलं मी तिले. दगडाची निंघाली पोरगी.”

सायली तिथेच उभी राहून ऐकत होती.

आम्ही जुने पेपर कापले. यमुनाने चिकटवायला मैद्याची लई शिजवली. मुलांनी लई कागदाला कमी आणि एकमेकांच्या केसांना जास्त लावली. जुन्या साडीच्या चिंध्यांच्या शेपट्या केल्या. सायलीची पतंग सगळ्यांत सुबक झाली होती. तिने कामट्या कागदावर ठेवण्याआधी त्यांच्यावरून बोट फिरवलं, एकदा नाही, तीन-चारदा.

मैदानात आलो. वारा चांगला होता. मुलं पतंगी घेऊन सुटली, निम्म्या पतंगी जमिनीवरून फरफटत होत्या तरी ‘ओ काट’ म्हणून ओरडायला कुणी कमी नव्हतं. सायलीने आपली पतंग जमिनीवर ठेवली, वर एक दगड ठेवला आणि दगडावर दोन्ही हात दाबून बसली.

“सायली, ऊठ.”

तिने मान हलवली.

माझं डोकं फिरलं. सकाळपासून वृषालीचं बोलणं कानात होतं. “आबाजीनं तुमच्यासाठी कामट्या तासल्या, अन् तू पतंग दगडाखाली दाबून बसली?” मी तिचे हात बाजूला केले, दगड फेकला, दोरा तिच्या मुठीत कोंबला आणि पतंग वर धरून मागे मागे पळत गेले. वारा आला. पतंग माझ्या हातातून सुटून वर चढली, शेपटी माझ्या तोंडावरून गेली, पदर उडाला.

सायली किंचाळली. तशी किंचाळी मी कुठल्याच लेकराच्या तोंडून ऐकलेली नाही.

“बाई, खाली बसा! वारं जाते! तुमच्या अंगावरून वारं जाते!”

तिने दोरा सोडला आणि पळत माझ्याकडे आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पळाली. माझ्या पायांना मिठी मारून ती माझा उडणारा पदर दोन्ही हातांनी खाली दाबत होती, आणि रडता रडता सांगत होती, “मी घातलं आबाजीले वारं. मी इचारलं, गेलं का? आबाजी म्हणे, गेलं वो माय, गेलं. मंग सकाळी गेलं.”

मी मातीत बसले. यमुना बाकीच्या मुलांना घेऊन दूर गेली. जाताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिने मला त्या दिवशी सांगितलं होतं, हे ती तेव्हाही बोलली नाही आणि नंतरही कधी नाही.

म्हणून ही पोर फुंकर मारत नव्हती. म्हणून पळत नव्हती. आबाजींच्या दारावरून जाताना तोंडावर हात धरत होती, आपला श्वाससुद्धा त्यांना लागू नये म्हणून. हे सगळं ती एकटीने सांभाळत होती, आणि त्यासाठी आईचा मारही खाल्ला होता.

“सायली, ते वारं वेगळं,” मी म्हणाले. “आबाजीच्या डोक्यात रक्ताची गाठ अडकली. त्याले लकवा म्हणतात. पंख्याच्या वाऱ्यानं कोणाले काही नाई होत.”

तिने पदर सोडून वर पाहिलं. “मंग लोक वारं काहून म्हणतात?”

पंधरा दिवसांनी तिचं काहून ऐकलं. “पहिले लोकाइले समजत नव्हतं काय झालं ते. म्हणून तसं नाव पडलं.”

“तुमाले माहीत होतं?”

“हो,” मी म्हणाले. “मले माहीत होतं.”

तिने डोळे पुसले. मला ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी मी तिला घेऊन तिच्या घरी गेले. वृषाली आणि तिचा नवरा मंगेश, दोघंही होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, खेळापासून. यमुनाने टोकलं होतं तेही सांगितलं. मंगेश भिंतीकडे पाहत राहिला. वृषालीने सायलीला ओढून जवळ घेतलं आणि काल मारलं होतं त्या गालावरून हात फिरवत राहिली.

“पंखा कुठं आहे, सायली?” मी विचारलं.

तिने अंगणातल्या तुराट्यांच्या ढिगाकडे बोट केलं. मग स्वतःच जाऊन आत हात घातला आणि सगळ्यांत खालून पंखा काढला. त्याला दोऱ्याचे कितीतरी वेढे दिलेले होते. तो हलू नये म्हणून तिने दोन्ही तळहातांवर आडवा धरून आणला.

पुंडलिकराव खाटेवर होते. आमचं बोलणं त्यांनी आतून ऐकलं होतं, कारण उजव्या डोळ्यातून पाणी कानापर्यंत गेलेलं होतं. सायली उंबरठ्यावर थांबली. त्यांनी उजवा हात वर केला, तिच्याकडे पसरला. ती गाल फुगवून, श्वास धरून आत गेली. त्यांना पंखा हवा होता. मी दोरा सोडवला आणि पंखा त्यांच्या हातात दिला.

पंखा त्यांनी तिच्यासमोर धरला आणि हलवला. एकदा, दोनदा, तीनदा. तिच्या कपाळावरचे केस उडाले. त्यांचं तोंड हललं, एका बाजूने. “ग्ये?” एवढाच आवाज निघाला.

सायलीने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. उजवा वर करून पाहिला, डावा वर करून पाहिला. सगळं जागेवर होतं. मग तिने धरलेला श्वास सोडला.

“गेलं,” ती म्हणाली.

त्यानंतर ते सहा दिवस जगले. संक्रांतीला मंगेशने पतंग अंगणातून चढवली आणि सायलीने दोरा खिडकीतून आत घेऊन आबाजींच्या मनगटाला गुंडाळला. पतंग त्यांना दिसत नव्हती, पण दोरा ओढला की त्यांचा हात हलायचा आणि ती विचारायची, “आबाजी, लागलं का वारं?” मी तिळगूळ द्यायला गेले होते, तेव्हा पाहिलं. पुठ्ठ्याच्या पंख्याने आणि हिंदीतल्या कागदाने मी जे शिकवत होते, ते तिने एका दोऱ्यात शिकवलं. मी कौतुक करायला तोंड उघडलं आणि रडू आलं म्हणून घरी निघून आले.

लोक मला म्हणतात, बाई, शेवटी भेट झाली नं आजा-नातीची, मनाला लावून घेऊ नका. मी लावून घेते. नागपूरहून परत आल्यावर त्यांना सगळे मिळून चौदा दिवस मिळाले, आणि त्यातले आठ ते रिकाम्या दाराकडे पाहत होते. नात आपल्याला का भिते, हा विचार ज्या माणसाला बोलता येत नाही त्याने आठ दिवस कसा केला असेल, ते मला माहीत नाही. ते आठ दिवस माझ्यामुळे गेले आणि मी ते कुणाला परत देऊ शकत नाही.

ते गेले तेव्हा सकाळची वेळ होती. सौंसरला दिलेली त्यांची लेक येईपर्यंत थांबायचं होतं, म्हणून त्यांना अंगणात ठेवलं होतं. गाव जमलं होतं. बायका हळू आवाजात बोलत होत्या, चांगला माणूस होता, अंगावरून वारं गेलं अन् संपला. ऊन चढलं तशा माशा यायला लागल्या. सायली घरात गेली, पंखा घेऊन आली आणि त्यांच्या डोक्याशी बसून वारा घालायला लागली. पंख्यावरचं अर्धं संत्रं आता पुसट झालं होतं.

“पोरीले आत घेऊन जा नं कोणी,” एक बाई म्हणाली.

“राहू द्या तिले,” मी ओरडले. मयतीच्या घरी ओरडू नये, पण ओरडले.

त्या शांततेत सायलीने पंखा थांबवला. खाली वाकून तिने विचारलं, “आबाजी, अंगावरून वारं गेलं का?”

आणि ती थांबली. खेळात थांबायचं असतं तशी, नियमाप्रमाणे, ज्याला विचारलं त्याने सांगेपर्यंत. मग तिने पुन्हा विचारलं, थोडं मोठ्याने. पुन्हा थांबली. शेवटी माणसांच्या गर्दीत तिने मला शोधलं.

“बाई, आबाजी सांगून नाई राहिले.”

मी उठले, तिच्याजवळ जाऊन मातीत बसले. दुसऱ्याने मधे तोंड घालायचं नाही, हा माझाच नियम होता.

“गेलं वो माय,” मी म्हणाले, “गेलं.”